टकरीचा जमाखर्च

कॅरमच्या पटावर स्वस्थ पडलेल्या एका सोंगटीवर दुसरी सोंगटी अगदीं समोरून आदळली, म्हणजे येणारी सोंगटी जवळजवळ जागच्या जागीं थांबते आणि स्वस्थ असलेली तिचा वेग घेऊन चालूं लागते. रेल्वेच्या आवारांत निराळाच प्रकार दिसतो. धावत आलेली वाघीण उभ्या वाघिणीला धडकून तिच्याशीं जोडली गेली, तर दोन्ही मिळून अर्ध्या वेगानें पुढें सरकतात. आरंभ दोन्हीकडे सारखाच: एक वस्तु चालती, दुसरी तितक्याच वजनाची व स्थिर. मग शेवट निराळा कां?

वस्तूचें वस्तुमान आणि तिचा वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. २० टनांची वाघीण ताशीं ६ किलोमीटर वेगानें आली, तर हा गुणाकार १२० झाला. टकरीनंतर ४० टनांची जोडी ताशीं ३ किलोमीटर चालते. गुणाकार पुन्हां १२०. सोंगट्यांच्या बाबतींत एकीचा संवेग दुसरीला मिळाला, इतकेंच. आघात कोणत्याहि प्रकारचा असो, बाहेरचा जोर मध्यें आला नाहीं, तर संवेगाच्या वहींत तूट येत नाहीं.

मात्र ही वही लिहितांना दिशेचा विसर पडून चालत नाहीं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें १६४४ सालीं विश्वांतील गतीचें एकंदर परिमाण कायम राहतें असें प्रतिपादन केलें; पण वेगाची दिशा हिशेबांत धरली नाहीं. परिणामीं, लहान वस्तु मोठ्या स्थिर वस्तूला केव्हांहि हालवूं शकत नाहीं, असा अनुभवाशीं विसंगत नियम त्यानें मांडला. मऊ मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच वेगानें समोरासमोर येऊन चिकटले, तर दोन्ही थांबतात. देकार्तच्या मोजणीनें येथें सर्व गति नाहींशी झाली. परंतु एक संवेग जमेचा व दुसरा खर्चाचा धरला, तर आरंभींची बेरीज शून्यच होती आणि शेवटींहि शून्यच राहिली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १६६८ सालीं हा प्रश्न हातीं घेतला, तेव्हां वॉलिस, रेन व हायगेन्स यांनीं आपापलीं उत्तरें पाठविलीं आणि दिशेचें महत्त्व प्रस्थापित झालें. पुढें १६८७ सालीं न्यूटननें नियमाचें मर्म दाखविलें: टकरीच्या वेळीं दोन्ही वस्तु एकमेकींवर सारखाच, पण उलट दिशेचा जोर लावतात, म्हणून एकीची हानि तोच दुसरीचा लाभ.

मूळ कोडें सुटण्यास मात्र दुसरी वही उघडावी लागते. वस्तुमानाला वेगाच्या वर्गानें गुणून जें येतें, त्याचें निम्मे म्हणजे गतिज ऊर्जा. वाघिणींच्या बाबतींत हा गुणाकार आधीं ७२०, नंतर ३६० होतो. उरलेली निम्मी ऊर्जा बुडाली नाहीं; ती आवाज, उष्णता आणि लोखंडाची थरथर यांच्या खातीं गेली. कठीण सोंगट्यांच्या टकरींत अशी गळती फार थोडी, त्यामुळें दोन्ही वह्या जुळाव्या लागतात. आणि त्या जुळण्याची रीत एकच, ती म्हणजे पहिलीनें थांबावें व दुसरीनें निघावें.

दोन्ही वह्या मांडतां आल्या, कीं न दिसणाऱ्या वस्तूचेंहि वजन करतां येतें. बेरिलियम धातूवर अल्फा-कणांचा मारा केला असतां अत्यंत भेदक किरण निघतात, असें १९३० सालीं जर्मनींत आढळलें होतें. १९३२ च्या आरंभीं पॅरिसमध्यें ईरेन क्युरी व फ्रेडरिक जोलिओ यांनीं ते पॅराफिन मेणावर सोडले, तेव्हां हायड्रोजनचे अणुगर्भ प्रचंड वेगानें उडूं लागले. हे गॅमा-किरणच असावेत असा त्यांचा तर्क होता. केंब्रिजच्या जेम्स चॅडविकला तो पटेना. तसें मानल्यास हायड्रोजनवरून किरणांची एक ऊर्जा निघे, नायट्रोजनवरून त्याहून पुष्कळ मोठी. तेव्हां एक तर संवेग व ऊर्जा यांचे नियम सोडावयाचे, नाहीं तर नवा कण मानावयाचा. चॅडविकनें नियम सोडले नाहींत. विद्युत्भार नसलेल्या कणाच्या आघातानें हायड्रोजनच्या गर्भाला सेकंदास सुमारें ३३,००० किलोमीटर, तर चौदापट जड अशा नायट्रोजनच्या गर्भाला सुमारें ४,७०० किलोमीटर वेग मिळतो, असें त्यानें धरलें. कणाचा स्वतःचा वेग अज्ञात होता. पण या दोन वेगांचा भागाकार केला, कीं तो अज्ञात वेग गळून पडतो. भागाकार येतो सुमारें सात. कणाच्या वस्तुमानांत एकदां चौदा आणि एकदां एक मिळवून पहिल्या बेरजेस दुसरीनें भागलें असतां सात यावेत, तर तें वस्तुमान सुमारें १.१५ ठरतें, म्हणजे कण जवळजवळ हायड्रोजनच्या गर्भाएवढाच जड. हाच न्यूट्रॉन. या शोधाबद्दल चॅडविकला १९३५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

वस्तुमानें सारखीं असल्यामुळें न्यूट्रॉन व हायड्रोजन यांची टक्कर सोंगट्यांच्या टकरीसारखीच होते: समोरून आदळलेला न्यूट्रॉन आपला बहुतेक सर्व वेग देऊन बसतो. शिशाच्या जड गर्भावर आदळलेला मात्र जवळजवळ त्याच वेगानें परततो. युरेनियमच्या अणूंचें विभाजन चालूं ठेवण्यास मंद न्यूट्रॉन अधिक उपयोगी पडतात. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीचा गाभा साध्या पाण्याच्या हौदांत ठेवलेला होता. त्या पाण्याच्या अनेक कामांपैकीं एक हेंच: त्यांतील हायड्रोजनशीं टकरा देतां देतां न्यूट्रॉन मंद होत.