पानावरील मेणाचा बंदोबस्त

सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पतींच्या पूर्वजांनी पाणी सोडून जमिनीवर वस्ती केली, तेव्हा कोरडी हवा अंगातील ओलावा क्षणोक्षणी हिरावून घेणार, हे प्रथम संकट त्यांच्यापुढे उभे राहिले. आणि त्यावर निसर्गाने केलेला बंदोबस्त म्हणजे पानाच्या त्वचेवरील, केसाहूनही कितीतरी पातळ असा, क्युटिन व मेण यांचा थर होय. पाण्याबरोबर कर्बवायूलाही तो बव्हंशी मज्जाव करीत असल्यामुळे वायूंच्या देवघेवीचा कारभार पर्णरंध्रांकडे सोपविणे भाग पडले. कोबीच्या बाहेरच्या पानावरून बोट फिरवून पाहावे: निळसर पांढरी झाक पुसली जाऊन खालचा गर्द हिरवा रंग उघडा पडतो, ती झाक मेणाचीच. कमळाच्या पानाची रचना मात्र विलक्षण आहे! तेथे सूक्ष्म उंचवट्यांवर मेणाच्या स्फटिकांचे असे दाट आवरण असते, की जलबिंदू त्यांच्या टोकांवरच तोलून राहतो आणि घरंगळताना धूळ व बुरशीची बीजुके सोबत घेऊन जातो. बार्टलॉट व नाइनहुइस या जर्मन संशोधकांनी १९९७ साली हे सविस्तर दाखवून दिले. ईशान्य ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांवर तर मेण इतके विपुल साचते, की पाने वाळवून, झोडपून ते काढण्याचा मोठा व्यवसायच तेथे चालतो.