डब्यातला बुटका टोमॅटो

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हा आपण चिंच-आमसुलावर आमटी भागवली. पुढे भाव पडले की तोच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर ओततो, हेही आपण पाहतो. भाव आपल्या हातात नाही. घरापुरती चार झाडं मात्र आहेत, आणि त्यांना सातबारा लागत नाही. पाच-सहा तास ऊन येणारा ओटा किंवा पायरी पुरे.

खरी गोम बियात आहे. बऱ्याच जणी बाजारातला टोमॅटो पिळून बी डब्यात टाकतात. झाड उंच जातं, डब्यातली माती त्याला पुरत नाही आणि फळं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. शिवाय बाजारातलं फळ बहुधा संकरित वाणाचं, त्याचं बी आईवर जाईलच असं नाही.

टोमॅटोचे स्वभाव दोन. एक वेलासारखा वाढतच राहतो. दुसरा ठरावीक उंचीला थांबतो, झुडूप होतो. डब्याला हा दुसराच हवा. चेरी टोमॅटो म्हटलं की झाडही लहान, असं समजू नका; पुष्कळ चेरी वाण माणसापेक्षा उंच जातात. दुकानात ‘बुटकी, झुडपी जात आणि सरळ वाण’ असं स्पष्ट विचारा. ‘टायनी टिम’ ही अशीच जुनी जात, झाड साधारण हातभर उंच.

गौरी-गणपती उरकले की बी टाका. भर पावसात करपा येतो, कडक उन्हाळ्यात फुलं गळतात. बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरा, माती ओलसर ठेवा, आठवड्याभरात उगवतं. तीन-चार आठवड्यांचं रोप तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावा, एका डब्यात एकच. डब्याच्या तळाला भोकं हवीतच. दोन वाटे माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको, मुळं जळतात.

पाणी रोज थोडं, पण नेमानं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बदाबद, असं केलं की फळाचा बूड काळा पडतो. बुटक्या जातीचे फुटवे खुडू नका, फळ त्यांच्यावरच धरतं. फुलं आली की सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा, पराग झडतो.

आणखी एक, रागावू नका. मिश्री लावून तोच हात झाडाला लावू नका. तंबाखूतला विषाणू टोमॅटोलाही बाधतो. साबणानं हात धुवा, मग झाडाशी जा. पानं वळून बारीक झाली तर ते काम बहुधा पांढऱ्या माशीचं. असं झाड उपटून दूर टाका, जीव गुंतवू नका. पिवळ्या पत्र्याला एरंडेल लावून जवळ टांगला की माशी चिकटते.

आता बियाणं. सगळ्यात निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ वाटीत पिळा आणि दोन दिवस झाकून ठेवा. वास येईल, येऊ द्या; बियावरचा चिकट पडदा त्यानंच सुटतो. मग धुऊन सावलीत सुकवा. कागदावर पसरू नका, बी चिकटतं, ताटलीत पसरा. एका फळातून गटातल्या सगळ्यांना पुरेल एवढं बी निघतं. कोरड्या बाटलीत राखेत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: जात कोणती, महिना कोणता. कोरडं राहिलं तर तीन-चार वर्षं उगवतं.