अश्मयुगात चोराने काय चोरावे?

पत्त्यांचा डाव मांडायचा तर निदान बावन्न पाने तरी लागतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी जो खेळ विक्रीला काढला, त्याला कागद, पेन्सिल, थोडे चित्रविचित्र फासे आणि एक बोलका सूत्रधार एवढे असले की भागते. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. सूत्रधार सांगतो, “तुम्ही एका पडक्या गढीच्या दाराशी उभे आहात. आतून गुरगुर ऐकू येते. काय करता?” बाकीचे गडी आपापल्या सोंगातून उत्तर देतात, आणि घाव लागला की हुकला ते फासा ठरवतो. आपल्या दशावतारासारखेच हे. संवाद ज्याने त्याने आयत्या वेळी रचायचे.

या सोंगांना इंग्रजीत ‘क्लास’ म्हणतात. मराठीत ‘वर्ग’ म्हटले की शाळा आठवते आणि ‘जात’ म्हटले की भांडण. म्हणून आपण सोंगच म्हणू. मूळच्या नियमांत ती तीनच होती: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. चोर आला १९७५ साली, एका पुरवणीतून. योद्ध्याला चिलखत, जादूगाराला पोथी, धर्मगुरूला देव आणि चोराला कुलूप, असा सगळा सरंजाम मध्ययुगीन युरोपच्या धाटणीचा.

आता हाच खेळ हिमयुगात नेऊन बसवला तर? ही कल्पना काही नवी नाही. एमॅन्युएल रूदिए या फ्रेंच चित्रकथाकाराने ‘व्युर्म’ नावाचा एक स्वतंत्र खेळच त्या काळावर रचला आहे. आल्प्स पर्वतातल्या शेवटच्या हिमयुगाचे ते नाव. जुनीच सोंगे तिकडे न्यायची म्हटली, की पहिला मोह होतो तो चिलखताच्या जागी कातडे आणि तलवारीच्या जागी दगडी कुऱ्हाड देण्याचा. पण कपडेपट बदलल्याने नाटक बदलत नाही.

योद्ध्याचेच पाहा. जर्मनीत शोनिंगेन येथे कोळशाच्या खाणीत १९९० नंतरच्या दशकात लाकडी भाले सापडले. वय निदान दोन लाख वर्षे. म्हणजे हत्यारांची वाण नव्हती. अडचण वेगळीच आहे. जिथे सगळी टोळीच शिकारीवर जगते, तिथे ‘भाला चालवणारा’ हे वेगळे सोंग कसे व्हावे? ते तर सगळ्यांचेच काम. त्यात बाई आली की आपण तिच्या हाती कंदमुळांची टोपली देऊन मोकळे होतो. दक्षिण पेरूच्या डोंगराळ भागात २०१८ साली नऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. शेजारी भाल्यांची दगडी टोके, सुरे, कातडे खरवडण्याची हत्यारे, असा शिकाऱ्याचा सगळा संच. दातांच्या तपासणीवरून कळले, की ती सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी होती.

जादूगाराची पोथी गेली, कारण लिपीच नाही. धर्मगुरूचे देऊळ गेले. मग दोघांचे मिळून एकच सोंग उरते. आपल्याकडच्या खेड्यात ज्याला देवऋषी किंवा भगत म्हणतात त्याच्या जवळपासचे. उत्तर इस्रायलमधल्या हिलाझोन ताख्तित गुहेतले, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन २००८ साली प्रसिद्ध झाले. पंचेचाळिशीच्या आसपासची, ठेंगणी आणि लंगडत चालणारी एक बाई. तिच्याबरोबर पन्नास कासवांची कवचे, गरुडाचा पंख, रानडुकराचा पाय आणि दुसऱ्याच कुणा माणसाचे एक पाऊल! खेळाच्या चित्रांतला जादूगार सहसा उंच, पांढऱ्या दाढीचा असतो. मला विचाराल तर त्यापेक्षा ही बाई शतपटीने अधिक भीतिदायक आणि अधिक खरी आहे.

भाटाची चिंता नको. जर्मनीतल्याच होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची पाच छिद्रांची बासरी मिळाली आहे. ती पस्तीस हजार वर्षांहून जुनी.

खरी पंचाईत चोराची. कुलूप नाही, पेटी नाही, भिंत नाही. पंचवीस-तीस माणसे एका विस्तवाभोवती निजणार. तिथे कुणाचा सुरा उचलला तर सकाळी वापरणार कुठे? कालाहारीतल्या शिकारी लोकांत रिचर्ड ली हा मानववंशशास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकात राहिला होता. (हे लोक आपल्याच काळातले, त्यांना अश्मयुगातले समजणे अन्यायाचे होईल.) तिथे मांसाचे वाटप ज्याच्या बाणाने जनावर पडले त्याच्याकडे जाई, आणि बाण तर सर्रास एकमेकांना दिलेले असत. कुणी मोठी शिकार आणली की बाकीचे ‘काय हे हाडकुळे धूड!’ म्हणून तिची टर उडवत, मुद्दाम, शिकारी शेफारू नये म्हणून. अशा ठिकाणी चोरी करायला साठवण हवी, आणि साठवण होते धान्याची. आपल्या बारा बलुतेदारांचे वेगवेगळे धंदे चालायचे ते खळ्यावर मिळणाऱ्या वाट्यावर. खळे नाही तिथे सुतार नाही, लोहार नाही आणि चोरही नाही. त्याची हलकी पावले आणि तीक्ष्ण नजर तेवढी कामास येईल: माग काढायला, वाऱ्याचा रोख सांभाळून कळपाजवळ सरकायला.

सोंगांच्या मागचा हिशेबही मग कोलमडतो. मूळ खेळात गडी वरच्या पायरीवर चढतो तो अनुभवाच्या गुणांवर. जितकी सोन्याची नाणी गुहेतून बाहेर काढली, तितके गुण. राक्षस मारूनही मिळत. पण खरी कमाई खजिन्याचीच. हिमयुगात सोने घेऊन काय करणार? गुण द्यायचेच तर ते एका गोष्टीसाठी द्यावेत: बर्फ वितळेल तेव्हा टोळीतली किती माणसे जिवंत आहेत. हा एक नियम बदला, की विस्तव राखणारी म्हातारी, गारगोटीचे छिलके नेमके काढणारा कारागीर, पंधरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात पाणी कुठे होते ते आठवणारा आजोबा, ही सगळी एकदम खेळण्याजोगी सोंगे होतात.

आणि मग शानिदारच्या म्हाताऱ्यालाही जागा मिळते. उत्तर इराकमधल्या त्या गुहेत १९५७ साली राल्फ सोलेकी यांना निअँडरथल जातीच्या एका पुरुषाचा सांगाडा सापडला. चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वीचा. उजवा हात कोपराखाली नाहीसा, डाव्या डोळ्याशी जुना घाव, चालणे लंगडे. कानांच्या नळ्यांत हाड वाढल्यामुळे ऐकूही धड येत नसावे. या जखमा भरून आल्यावरही तो कित्येक वर्षे जगला. चाळिशी ओलांडून गेला. जुन्या नियमांनी त्याचा कागद भरू गेले तर प्रत्येक रकान्यात हलक्यातला हलका आकडा पडेल, आणि पहिल्याच लांडग्यापुढे त्याचा डाव आटोपेल. नव्या हिशेबात त्याच्या कागदावर आणखी एक रकाना घालावा लागेल: त्याच्यासाठी मांस कोण आणते. ते नाव अर्थात शेजारी बसलेल्या गड्याचे असणार. आणि शिकारीवर निघण्याआधी त्या गड्याला ठरवावे लागेल, की याला गुहेत ठेवायचे, की पाठीवर घेऊन चालायचे.