फिक्स गिअरची सायकल : घाटावर की घाटाखाली?

मंडळी, वजन वाढलंय, दोन जिने चढले की धाप लागते, आणि पुन्हा अंग हलकं करायचंय. त्यासाठी सायकल चांगली, हे सगळ्यांना पटतं. पण आता तरुण मुलं विचारतात, ‘फिक्स गिअरची घेऊ का?’ तर आधी ती काय चीज आहे ते पाहू.

आपल्या साध्या सायकलला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पायडल थांबवलं तरी चाक फिरतं आणि टिकटिक आवाज येतो, तो त्याचाच. फिक्स गिअरमध्ये फ्रीव्हील नाही. दातेरी चक्कर चाकालाच घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पुण्याला बालेवाडीत वेलोड्रोम आहे. अशा गोल ट्रॅकवरच्या शर्यतींत हीच सायकल चालते.

फायदा काय? अर्धा तास सायकल म्हणजे खरोखर अर्धा तास पाय चालतात. उतारावर फुकटची विश्रांती नाही. वेग कमी करायला पायांनी चाक रोखावं लागतं, म्हणून सुरुवातीला मांड्या भरून येतात. पण यात जादू नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तेवढा साध्या सायकलवर केला तरी शरीराला चालतो.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशोब. समजा पुढे ४४ दाते, मागे १८, आणि चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १९ किलोमीटर. झकास! आता हीच सायकल बुलढाण्याहून बोथ्याच्या किंवा राजूरच्या घाटात खाली सोडा. ताशी ४० चा वेग आला की पायांना मिनिटाला १२० च्या वर फेरे मारावे लागतात, आणि थांबायची सोय नाही. नवख्या माणसाचा पाय पायडलवरून सुटला, तर फिरतं पायडल नडगीवर बसतं, तोल जातो. चढावर उलटा त्रास : हलका गिअर नाही, सगळा जोर गुडघ्यावर.

म्हणून शिकायचं तर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाट आणि कमी रहदारीच्या रस्त्यावर. दोन्ही चाकांना ब्रेक हवेतच. ट्रॅकवर नसतात, पण ट्रॅकवर म्हैस आडवी येत नाही. पँटचा पायचा बांधा, ओढणी आवरा. चेनमध्ये कापड अडकलं तरी चाक फिरतंय तोवर चेन थांबत नाही. जुन्या सायकलचं फ्रीव्हील वेल्डिंगने पक्कं करून घेऊ नका. पायांनी उलटा जोर दिला की ते हबवरून सुटून येऊ शकतं. फिक्सच्या हबला उलट्या आट्यांची लॉकरिंग असते, ती याचसाठी.

आणि उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी या. रक्तदाब, साखर, छातीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिले दोन महिने घरातलीच साधी सायकल रोज अर्धा तास चालवा. तेवढं नियमानं जमलं, की मग फिक्स गिअरचा विचार करा. नाही जमलं, तर नवी सायकलही ओसरीतच उभी राहील.