पिवळा दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

बचत गटाचा माल पोचवायला काही गटांनी जुनी पिकअप घेतली आहे. वसईची भाजी असो की उत्तनची मासळी, मीरा रोडच्या पूनम सागरपर्यंत ती कमी खर्चात पोचली तरच दोन पैसे सुटतात. अशी गाडी जास्त गॅस खायला लागली आणि गॅरेजवाला म्हणाला, "ताई, ऑक्सिजन सेन्सर गेलाय," तर काय करायचं, ते आज पाहू.

चुलीत हवा कमी पडली की धूर होतो. आपण जाळ बघून लाकूड मागे ओढतो. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत हेच काम ऑक्सिजन सेन्सर करतो. तो इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या पाइपात बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते ओळखून तो गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर इंधन कमी-जास्त करतो. डिझेलच्या जुन्या पिकअपला बहुधा हा सेन्सर नसतोच. तेव्हा आधी तो कुठे आहे, ते दाखवायला सांगा.

सेन्सर बिघडला की इंधन जास्त जाऊ शकतं. समजा, गाडी किलोला २० किलोमीटर चालायची, ती १६ वर आली. रोजच्या १०० किलोमीटरला ५ किलोऐवजी सव्वासहा किलो गॅस लागेल. महिन्यात २५ फेऱ्या धरल्या तर ३१ किलोहून जास्त गॅस फुकट गेला. शिवाय पीयूसी नापास होऊ शकते, आणि धूर शुद्ध करणारा महागडा कन्व्हर्टरही खराब होतो.

पण इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. उंदराने वायर कुरतडली, फ्यूज उडाला, पाइपाला भोक पडलं, तरी तोच दिवा लागतो. म्हणून आधी स्कॅनर लावून कोड बघायला सांगा आणि तो वहीत लिहून घ्या. काही गाड्यांना दोन सेन्सर असतात. इंधनाचं प्रमाण मुख्यतः कन्व्हर्टरच्या आधीचा ठरवतो. नंतरचा कन्व्हर्टर नीट चालतो की नाही ते बघतो. चुकीचा बदलला तर पैसे जातात आणि ॲव्हरेज तसंच राहतं.

बदलायचाच ठरला तर समोर उभं राहा. पाइप चटका बसणार नाही इतका थंड होऊ द्यावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. खाऱ्या हवेत आटे गंजून धरतात, म्हणून आधी गंज सोडवणारं तेल मारून थोडं थांबावं. जोर लावून ओढलं तर पाइपातले आटे जातात आणि खर्च वाढतो. नवा सेन्सर आपल्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा हवा. त्याच्या टोकाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. जमिनीवर आपटलेला सेन्सर बसवू नये, कारण आतली सिरॅमिक तडकलेली असू शकते. वायर गरम पाइपाला टेकणार नाही अशी बांधावी. शेवटी कोड पुसून गाडी चालवून बघावी.

जुना सेन्सर आणि पक्कं बिल मागून घ्या. हीटरवाला चांगला सेन्सर साधारण लाखभर किलोमीटर टिकतो. म्हणून बदलल्याची तारीख आणि किलोमीटर गटाच्या वहीत लिहा. दर वेळी गॅस भरताना किलोमीटरही टिपत गेलात, तर दिवा लागण्याआधीच वही तुम्हाला सावध करील.