नव्या सर्व्हरवर जुन्या यंत्ररचनेची पॅकेजे

जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. अशा दरडीचा अभ्यासक उताराच्या मातीचे कर्तनबल आणि तिला खाली ओढणारे बल यांचे गुणोत्तर काढतो. हा सुरक्षा-गुणांक एकाखाली गेला की उतार ढळतो. दासगावच्या डोंगराचे असे गणित त्या वेळी ३२ बिटी यंत्रावर केलेले असून तेच आज ६४ बिटी लिनक्स सर्व्हरवर पुन्हा करावयाचे आहे, असे समजू.

पहिल्या प्रयत्नास बहुधा ‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर मिळते. फाइल तर समोर असते! सापडत नाही ती तिला स्मृतीत चढविणारी ३२ बिटी सहायक आज्ञावली. सूचना मात्र तिचे नाव घेत नाही.

प्रक्रियकाचा यात दोष नाही. एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणलेल्या ६४ बिटी रचनेतच जुन्या ३२ बिटी आज्ञा थेट पाळण्याची सोय आहे, आणि लिनक्सचा गाभाही, ती सोय वगळून बांधला नसल्यास, जुन्या विनंत्या स्वीकारतो. उणीव असते ती लायब्रऱ्यांची. डेबियनच्या सातव्या आवृत्तीपासून (२०१३) दोन्ही रचनांच्या लायब्रऱ्या निरनिराळ्या निर्देशिकांत शेजारी नांदू शकतात. त्यासाठी ‘डीपीकेजी’स आय-३८६ ही परकी रचना मान्य असल्याचे कळवावे, पॅकेजांची यादी नव्याने आणावी आणि हवी ती लायब्ररी त्या रचनेच्या नावानिशी मागावी. अशा लायब्ररीची दोन्ही रूपे एकाच आवृत्तीची असावी लागतात.

मूळ फोर्ट्रान हाती असता ते ६४ बिटी यंत्रासाठी पुन्हा संकलित का करू नये, अशी शंका येईल. परंतु जीसीसी ३२ बिटी यंत्रावर दशांश गणित सामान्यतः ८० बिटी नोंदकांत करी, ६४ बिटी यंत्रावर ते ६४ बिटांत होते. शेवटचे अंक त्यामुळे बदलतात. बिशप यांच्या १९५५ च्या रीतीत सुरक्षा-गुणांक समीकरणाच्या दोन्ही बाजूंस येत असल्याने तो पुनःपुन्हा सुधारून काढावा लागतो. एकट्या गुणांकात पडणारा फरक सहसा नगण्य असतो. तथापि जवळजवळ सारख्याच गुणांकाच्या दोन घसरण-पृष्ठांपैकी धोक्याचे कोणते, याचा निवाडा तेवढ्यानेही फिरू शकतो. मग डोंगर बदलला की यंत्र, हे सांगता येत नाही.

लायब्ररी नवी घेतली तरी घातांक व त्रिकोणमितीय फलांच्या किमतींत सूक्ष्म भेद संभवतो. म्हणून तुलनेसाठी जुन्या वितरणाची संपूर्ण निर्देशिका अलग ठेवून आज्ञावली तिच्यातच चालविणे श्रेयस्कर. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीतून (२०२५) ३२ बिटी लायब्रऱ्या वगळण्यात आल्या असल्याने तेथे तर ही वाट बहुधा धरावीच लागेल. आधी २००५ ची आदाने देऊन जुने उत्तर जसेच्या तसे मिळते का हे पाहावे. ते मिळाल्यावरच नव्याने संकलित केलेल्या आज्ञावलीस तीच आदाने द्यावीत.