मार्ताच्या कढईतले मासे

मार्ता (इटली) : रोमच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बोल्सेना तळ्याच्या दक्षिण काठावर मार्ता वसले आहे. वस्ती जेमतेम साडेतीन हजार. वर अष्टकोनी मनोरा, खाली पाण्यालगत मच्छीमारांची जुनी आळी. वसंतात इथे ‘साग्रा देल लात्तारिनो’ ही खाद्यजत्रा भरते. लात्तारिनो म्हणजे बोटभर लांबीचा चंदेरी मासा. पिठात घोळवून तो उघड्यावरच्या प्रचंड कढईत तळतात आणि काट्याडोक्यासकट गरमागरम खातात.

इटलीत अशा साग्रा गावोगावी भरतात. लादिस्पोलीत आर्टिचोकची, कापाल्बिओत रानडुकराची. सारा भार ‘प्रो लोको’ या स्थानिक स्वयंसेवी संस्थेवर. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळासारखेच इथेही रांधणारे, वाढणारे आणि बाक उचलणारे बहुधा गावचेच. इटलीचे खाणे समजून घ्यायचे तर शहरातल्या उपाहारगृहापेक्षा हे लांबलचक बाक बरे.

मार्ताची खरी ओळख मात्र ‘स्ब्रोशा’ या कालवणात आहे. बटाटे, कांदा, टोमॅटो, रानपुदिना आणि जाळ्यात येतील ते मासे. खाली शिळ्या पावाचे तुकडे. पूर्वी कोळी ते तळ्याच्याच पाण्यात शिजवत. इथल्या वाम माशांची ख्याती तर फार जुनी. पोप चौथा मार्टिन 1285 मध्ये वारला. कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला बोल्सेनाच्या वामींच्या हव्यासापायी शुद्धिलोकात उपास करायला लावले आहेत.

दरवर्षी 14 मे रोजी ‘बाराब्बाता’ची मिरवणूक टेकडीवरच्या मादोन्ना देल मोंते या देवळात जाते. शेतकरी आपले पीक वाहतात, कोळी तळ्यातले मासे. ज्याचा त्याचा धंदाच इथे नैवेद्य होतो, आणि म्हणून ही मिरवणूक पर्यटकांसाठी रचलेली वाटत नाही.

हे सगळे उभे आहे ते पाण्यावर. 114 चौरस किलोमीटरचे, 151 मीटरपर्यंत खोल असलेले हे युरोपातले सर्वांत मोठे ज्वालामुखीय तळे. त्यातून बाहेर पडणारी नदी एकच, मार्ता, आणि तीही लहानशी. त्यामुळे तळ्याचे पाणी पुरते बदलायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. आज मिसळलेली घाण नातवंडा-पतवंडांपर्यंत पुरेल. काठच्या गावांचे सांडपाणी तळ्याबाहेर नेणारी वाहिनी त्यासाठीच टाकली आहे. तिच्या डागडुजीवर साग्राइतकीच मेहनत आणि पैसा खर्च व्हायला हवा.